तळ्याकाठची तहकूब सभा

सेक्रेटरी आपलं घर भाड्याने देऊन बसमध्ये राहायला चालले आहेत, ही बातमी बिल्डिंगभर पसरायला पाऊण तास लागला, आणि तोही लिफ्ट बंद होती म्हणून. एरवी दहा मिनिटांत काम झालं असतं. संध्याकाळपर्यंत त्यांच्याकडे सल्ले घेऊन येणाऱ्यांची रीघ लागली.

तळमजल्यावरचे काका म्हणाले, "बसमध्ये राहा, माझी काही हरकत नाही. पण चाकाच्या वर झोपू नका. चाकाच्या वर झोपलं की कंबर जाते." काका आयुष्यात कधी चाकावर झोपले नव्हते, पण त्यांची कंबर गेलेली होती, त्यामुळे त्यांच्या शब्दाला वजन होतं. तिसऱ्या मजल्यावरच्या औषधवाल्यांनी पिशवीभर औषधं आणून दिली आणि कुठलं कशावर हे सांगता सांगता स्वतःच गोंधळले. समोरच्या मावशी अर्धा तास नुसत्याच खुर्चीत बसून राहिल्या आणि निघताना म्हणाल्या, "आमचे एक चुलत दीर असेच गाडी घेऊन निघाले होते."

"मग?" सेक्रेटरींनी विचारलं.

"मग काय, आले की परत." आणि मावशींनी असा सुस्कारा सोडला, की दीर परत आले नसते तरच बरं झालं असतं असं ऐकणाऱ्याला वाटावं.

सेक्रेटरींवर ह्या कशाचाही परिणाम झाला नाही. ते हवेत होते. एकसष्टाव्या वर्षी माणसाने इतकं हवेत असणं बरं नव्हे, पण होते. त्यांनी नोकरी केली विमा कंपनीत, पण ती आपली पोटापुरती. खरं आयुष्य गेलं ते ह्या बिल्डिंगच्या सोसायटीचं सेक्रेटरीपद सांभाळण्यात. सलग एकोणीस वर्षं त्यांनी नोटिसा लावल्या, इतिवृत्तं लिहिली, पाण्याच्या टाकीवरून भांडणारी माणसं समोरासमोर बसवली. त्यांचं खरं नाव लेटरबॉक्सवर होतं, पण पोस्टमनसुद्धा त्यांना सेक्रेटरीच म्हणायचा.

बसची कल्पना मुळात त्यांची नव्हतीच. ती वहिनींची. वहिनी म्हणजे सेक्रेटरींच्या पत्नी. अख्खी बिल्डिंग त्यांना वहिनी म्हणते, तेव्हा आपणही म्हणू. वहिनी शाळेची बस चालवायच्या. बावीस वर्षं त्यांनी एकच रस्ता चालवला. अकरा किलोमीटर जायचं, अकरा किलोमीटर यायचं, मधे चौदा थांबे, आणि मागे मुलांचा कालवा. ज्या महिन्यात त्या निवृत्त झाल्या त्याच महिन्यात शाळेने ती पिवळी छोटी बसही विकायला काढली. वहिनींनी ती घेतली, सुताराकडून बाकं काढून घेऊन आत पलंग, ओटा आणि एक कपाट बसवून घेतलं, आणि मग घरी सांगितलं.

"अहो, मला एकदा असा रस्ता चालवायचाय, की संध्याकाळी परत फिरावं लागणार नाही."

सेक्रेटरींनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, "माझं अनुमोदन आहे." लग्नाला चौतीस वर्षं झाल्यावर माणसं एवढ्यावर एकमेकांना समजतात.

फक्त मुलीने फोनवर एक प्रश्न विचारला. "आई गाडी चालवेल, ते ठीक आहे. पण बाबा दिवसभर करतील काय?" हा प्रश्न फोनमध्येच राहिला. त्याचं उत्तर द्यायला कोणाला सवड नव्हती.

ठरलं ते असं. घर तीन महिन्यांसाठी एका भाडेकरूला द्यायचं. उन्हाळाभर एका मोठ्या तळ्याकाठच्या कॅम्पमध्ये दोघांनी काम करायचं. त्या बदल्यात बस उभी करायला जागा, वीज, पाणी आणि थोडाफार पगार. काम नीट झालं, तर कॅम्पच्या मालकीणबाई आपल्या बहिणीला चिठ्ठी देणार. बहिणीचा कॅम्प दूर समुद्रकाठी होता आणि तिथे हिवाळाभर माणसं लागत. चिठ्ठी मिळाली, की पुढचा रस्ता मोकळा. नाही मिळाली, तर भाडेकरू बाहेर, दोघं आत, आणि मावशी समोरच्या दारात सुस्कारा घेऊन उभ्या.

निघायच्या आधी कामाच्या परवान्यासाठी एका सरकारी कचेरीत जावं लागलं. अर्जात एक रकाना होता : कायमचा पत्ता.

"बस," वहिनी म्हणाल्या.

"बस कायम कुठे उभी असते?" कारकुनाने विचारलं.

"कुठेच नसते. म्हणून तर घेतली."

"मग तो पत्ता कायमचा नाही."

"मग घराचा लिहा."

"तिथे तुम्ही राहता?"

"नाही, भाडेकरू राहतो."

कारकुनाने पेन खाली ठेवलं. वहिनी चिडल्या. सेक्रेटरी मात्र त्या कारकुनाकडे कौतुकाने बघत होते. इतक्या बारकाईने काम करणारा माणूस त्यांना बऱ्याच दिवसांनी भेटला होता. शेवटी मुलीचा पत्ता लिहून सुटका झाली, पण जाताना सेक्रेटरींनी त्या कारकुनाशी हात मिळवला. वहिनी बसमध्ये जाऊन इंजिन सुरू करून बसल्या होत्या.

दोन दिवस प्रवास झाला. वहिनी गाणी म्हणत गाडी चालवत होत्या, सेक्रेटरी शेजारी नकाशा धरून बसले होते आणि वळण गेल्यावर वळणाची सूचना देत होते. तिसऱ्या दिवशी दुपारी झाडी संपली आणि समोर एकदम पाणीच पाणी आलं. वहिनींनी बस रस्त्यातच थांबवली. मग सेक्रेटरी म्हणाले, "केवढी मोठी टाकी." त्यांच्या तोंडून निघालेली ही सर्वोच्च दाद होती.

कॅम्पच्या मालकीणबाई उंच, सडसडीत, बारा महिने गुडघ्यापर्यंत रबरी बूट घालणाऱ्या. कागद त्यांना सोसायचा नाही. किल्ल्या खिळ्यांवर टांगलेल्या, कोण कुठे उतरलंय ते एका फळ्यावर खडूने लिहिलेलं, बाकी सगळं डोक्यात. त्यांनी दोघांना समोर उभं करून विचारलं, "नळ दुरुस्त करता येतो?"

"हिला येतो," सेक्रेटरी म्हणाले.

"लाकडं फोडता येतात?"

"हिला येतात."

"होडी वल्हवता?"

"शिकू."

"मग तुम्हाला काय येतं?"

"मी एकोणीस वर्षं सोसायटीचा सेक्रेटरी होतो," सेक्रेटरी छाती फुगवून म्हणाले.

मालकीणबाईंचा जन्म झाडांमध्ये गेलेला. सोसायटी म्हणजे काय हे त्यांना माहीत नव्हतं. माहीत असतं, तर त्यांनी तिथल्या तिथे फाटक बंद केलं असतं. त्या म्हणाल्या, "बरं, मग ऑफिसमध्ये बसा. आलेल्यांना जागा दाखवा, गेलेल्यांकडून किल्ली घ्या. आणि एक, दिवसभरासाठी येणारे लोक पॅडलच्या होड्या पलीकडच्या काठावर टाकून येतात. रोज दुपारी जाऊन त्या आणायला माणूस हवाय."

"ऑफिस सोडून जाता येणार नाही," सेक्रेटरी म्हणाले. ऑफिस म्हणजे लाकडाची एक खोली होती. आत टेबल, खुर्ची, टेलिफोन आणि भिंतीत अडकलेली एक माशी. पण टेबलाला खण होता, आणि खणात कोरे कागद होते.

पहिले आठ दिवस स्वर्गसुखाचे गेले. चाळीस जागा, कुठे तंबू, कुठे कॅरॅव्हॅन, रोज नवी माणसं. कोणी आलं की सेक्रेटरी खुर्चीतून उठून स्वागत करत, झाडाखालच्या जागेचे फायदे आणि तोटे सांगत, नळ कुठे, कचरा कुठे, बदकांना पाव का घालू नये, हे सगळं सांगत. त्यांना रात्री झोपताना सकाळची घाई व्हायची. वहिनी पहाटे तळ्यात पोहायला जायच्या. सोबतीला सात नंबरच्या जागेवर उन्हाळाभर राहणाऱ्या एक पोहण्याच्या मास्तरीणबाई असायच्या, गळ्यात कायम शिट्टी अडकवलेल्या. "अहो, तुम्हीपण या," वहिनी रोज म्हणायच्या. "उद्या," सेक्रेटरी रोज म्हणायचे.

आणि मग दोरीचं प्रकरण झालं.

कपडे वाळत घालायची दोरी दोन झाडांना बांधलेली होती, अकरा आणि बारा नंबरच्या मधे. अकरावाले म्हणत होते, बारावाल्यांनी सकाळपासून टॉवेल टाकून दोरी अडवली आहे. बारावाल्यांचं म्हणणं, आमचे टॉवेल वाळतच नाहीत, कारण अकरावाल्यांच्या चादरीची सावली पडते. दोघंही ऑफिसात आले. मालकीणबाई तिथून चालल्या होत्या. त्या म्हणाल्या, "शेडमध्ये दोरीचं भेंडोळं आहे, दुसरी बांधा," आणि निघून गेल्या.

झालं, एवढंच होतं. तुम्ही आम्ही असतो तर दोरी बांधली असती. पण सेक्रेटरींना दोरी दिसतच नव्हती. त्यांना दिसत होता सामाईक जागेच्या सामाईक वापराचा प्रश्न. आज दोरी आहे, उद्या नळ असेल, परवा सावली. त्यांनी दोन्ही पक्षांना बसवलं, खणातून कोरा कागद काढला, आणि घर सोडल्यापासून पहिल्यांदाच त्यांच्या बोटांना आपण कुठे आहोत ते कळलं. संध्याकाळी फाटकाजवळच्या झाडावर नोटीस लागली : सर्व जागाधारकांची सर्वसाधारण सभा, सात दिवसांनी, सायंकाळी पाच वाजता, होड्यांच्या धक्क्यावर.

आता अडचण अशी, की कॅम्पमध्ये माणूस सरासरी तीन दिवस राहतो. सात दिवसांनी सभा भरली तेव्हा ज्यांना नोटीस मिळाली होती ते गेलेले होते, आणि जे हजर होते त्यांना नोटीस मिळालेली नव्हती. अकरा आणि बारावाले तर केव्हाच आपापले टॉवेल घेऊन घरी पोचले होते. धक्क्यावर पाच माणसं आली, त्यातली दोन मासे धरायला. सेक्रेटरी डगमगले नाहीत. त्यांनी घड्याळ बघून जाहीर केलं, "गणसंख्येअभावी ही सभा अर्धा तास तहकूब करण्यात येत आहे. साडेपाचला ती ह्याच ठिकाणी भरेल आणि तिला गणसंख्येची अट राहणार नाही." अर्धा तास सगळे पाण्यात पाय सोडून बसले. साडेपाचला सभा कायदेशीर झाली.

अध्यक्ष कोण, हा प्रश्न आला. वहिनी तेवढ्यात ओल्या केसांनी धक्क्यावरून चालल्या होत्या. चौदा नंबरच्या जागेवर बस उभी होती, म्हणजे वहिनी जागाधारक होत्या. मास्तरीणबाईंनी त्यांचं नाव सुचवलं आणि शिट्टी वाजवली. वहिनी म्हणाल्या, "मला स्वयंपाक करायचाय." पण ठराव झाला होता.

खरी कमाल पुढे झाली. पदाधिकारी नेमावेत तर तीन दिवसांत निघून जातात. एका पहाटे सेक्रेटरींना उपाय सुचला आणि ते पलंगावर ताडकन उठून बसले. पद माणसाला द्यायचंच नाही. पद जागेला द्यायचं. नऊ नंबरची जागा बदक उपसमितीची. अठरा नंबर म्हणजे दोरी व वाळवण. बावीस नंबरकडे शांतता. जो कोणी त्या जागेवर तंबू ठोकेल, त्याच्याकडे ते पद आपोआप जाईल. "अगं, माणसं येवोत-जावोत, कारभार थांबत नाही," ते वहिनींना म्हणाले. आनंदाने त्यांचे डोळे चमकत होते. वहिनींनी कूस बदलली.

आठवडाभरात कॅम्पचा नूर पालटला. माणसं दमूनभागून गाडीतून उतरायची, आणि तंबूच्या पिशवीची चेन उघडायच्या आत त्यांच्या हातात त्यांच्या पदाचा कागद पडायचा. एक नवं लग्न झालेलं जोडपं नऊ नंबरला उतरलं. नवरा बदकप्रमुख झाला. बिचारा मुळात कर्तव्यदक्ष, त्याने पहिल्या दिवशी बदकं मोजली, दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजली, दोन कमी भरली, म्हणून तिसऱ्या दिवशी शोधायला गेला. बायको तंबूत एकटी बसून राहिली आणि एक दिवस आधीच त्याला घेऊन निघून गेली. शांतता उपसमितीच्या बैठकीचा आवाज पलीकडच्या काठावर ऐकू यायचा. त्यातही खरे हाल झाले ते तीन नंबरच्या दंतवैद्यांचे. हे गृहस्थ दर उन्हाळ्यात दोन महिने येऊन राहायचे, कॅम्पमधली सगळ्यात मोठी कॅरॅव्हॅन घेऊन. त्यांच्या जागेला नळ व सांडपाणी आलं होतं. त्यांनी खुर्ची टाकून डोळे मिटले, की कोणीतरी बादली घेऊन समोर उभं.

"मी वर्षभर लोकांच्या तोंडात बघतो," ते एकदा सेक्रेटरींना म्हणाले. "दोन महिने मला फक्त पाण्याकडे बघायचंय. नळाच्या नाही, तळ्याच्या."

"आपली सूचना आयत्या वेळच्या विषयांत घेतो," सेक्रेटरी म्हणाले.

आणि मग एक दिवस ऑफिसमधला फोन मालकीणबाईंनी उचलला. पलीकडून एक माणूस चाचरत विचारत होता, "बाई, पद नसलेली एखादी जागा मिळेल का? जरा आडबाजूला असली तरी चालेल."

मालकीणबाईंनी फोन ठेवला. टेबलावर तेरा फायली होत्या. त्यांनी त्या एकेक उचलून बघितल्या. एकीवर लिहिलं होतं, 'बदके : गैरहजर'.

"हे काय आहे?" त्यांनी विचारलं.

"स्वयंशासन," सेक्रेटरी अभिमानाने म्हणाले.

मालकीणबाई कधी आवाज चढवत नसत. त्या शांतपणे म्हणाल्या, "तीन बुकिंगं रद्द झाली आहेत. दंतवैद्य दुसऱ्या तळ्याची चौकशी करतायत. तुमची बायको कामाला वाघ आहे म्हणून मी गप्प आहे. रविवारी ह्या लोकांनाच विचारते. ते म्हणाले राहू दे, तर राहा. नको म्हणाले, तर सोमवारी बस फाटकाबाहेर. मग बहिणीला चिठ्ठी वगैरे विसरा."

त्या गेल्यावर सेक्रेटरी बराच वेळ माशीकडे बघत राहिले. त्यांना फार लागलं होतं. लोकांचं भलं करायला जावं आणि लोकांनी असं उलटावं, ही काही पहिली वेळ नव्हती; बिल्डिंगमधल्या पार्किंगच्या भांडणाच्या वेळीही असंच झालं होतं. पण तेव्हा घर आपलं होतं, कोणी बाहेर काढणारं नव्हतं. ह्या वेळी वहिनींचा रस्ता पणाला लागला होता. बावीस वर्षांनी मिळालेला रस्ता, आणि तो आपल्या तेरा फायलींनी अडवला.

तेवढ्यात दंतवैद्य कागद घेऊन आत आले. "माझा अविश्वासाचा ठराव आहे. तुमच्याविरुद्ध. कोणाकडे द्यायचा?"

"माझ्याकडेच," सेक्रेटरी म्हणाले. त्यांनी तो वाचला आणि त्यांचा चेहरा पडला. ठराव फारच ढिसाळ होता. 'ह्या माणसाला घालवा' एवढंच लिहिलेलं. कुठून घालवा, कशातून घालवा, कधीपासून, काही पत्ता नाही. असा ठराव मंजूर झाला तरी उद्या कोणीही त्याला आव्हान देऊ शकलं असतं. सेक्रेटरींनी दंतवैद्यांना समोर बसवलं, नवा कागद घेतला आणि अर्धा तास खपून आपल्याविरुद्धचा ठराव नीट लिहून दिला. दंतवैद्यांनी तो दोनदा वाचला आणि अवघडून आभार मानले.

दप्तरासाठी ठेवलेली ठरावाची प्रत दुपारी बसमध्ये वहिनींनी वाचली. "तुमच्याविरुद्धचा ठराव तुम्हीच लिहिलात?"

"त्यांना मसुदा जमत नाही."

वहिनींनी तो आणखी एकदा वाचला, सावकाश, ओळीवर बोट ठेवून. मग घडी करून खिशात घातला आणि मालकीणबाईंना शोधायला शेडकडे गेल्या. कशाला, ते त्यांनी सांगितलं नाही.

रविवारी पाच वाजता धक्क्यावर एवढी माणसं जमली, की सभा तहकूब करायची वेळच आली नाही. सेक्रेटरींना ह्याही परिस्थितीत त्याचं बरं वाटलं. मालकीणबाई रबरी बूट घालून मागे खांबाला टेकून उभ्या होत्या. दंतवैद्यांनी ठराव मांडला. मग बोलायला एकेक जण उठला. एकजण म्हणाला, दोरीसाठी अर्ज करायला लागतो, मी चार दिवस ओल्या पँटमध्ये आहे. एक आजोबा मात्र म्हणाले, की त्यांना दहा वर्षांत कोणी काही पद दिलं नव्हतं, वाळवणप्रमुख झाल्यापासून त्यांना वेळेवर भूक लागते. मास्तरीणबाई म्हणाल्या, माणूस प्रामाणिक आहे, फक्त त्याला पाण्यात टाकायला हवा. हात वर झाले. सेक्रेटरींनीच मोजले, कारण दुसरा कोणी नीट मोजेल ह्याची त्यांना खात्री नव्हती. बाजूने अकरा, विरुद्ध अकरा.

"समान मतं," सेक्रेटरींनी जाहीर केलं. मनातून त्यांचा जीव भांड्यात पडला होता. "अशा वेळी अध्यक्षांना निर्णायक मत असतं."

सगळ्यांनी वहिनींकडे बघितलं. वहिनींनी हात वर केला. "ठरावाच्या बाजूने," त्या म्हणाल्या.

धक्क्यावर शांतता पसरली. शांतता उपसमितीला जे आठवडाभर जमलं नव्हतं ते त्या क्षणी झालं. सेक्रेटरींच्या हातातलं पेन तसंच राहिलं. इतिवृत्त लिहायचं होतं, पण अक्षर उमटेना. चौतीस वर्षं संसार केलेली बायको, तिने भर सभेत, कारणसुद्धा न देता हात वर करावा.

कारण मग आलं. "एकोणीस वर्षं मी ह्यांच्या सभांना चहा केला," वहिनी म्हणाल्या. त्या लोकांशी बोलत होत्या, पण बघत होत्या सेक्रेटरींकडे. "कधी तक्रार केली नाही. इथे आल्यावर मला वाटलं, आता हे आणि मी असे दोघंच निघालोय. पण हे आलेच नाहीत हो. मी बस घेऊन इथवर आले आणि हे अजून आपल्या बिल्डिंगमध्येच बसलेत. दीड महिना झाला, समोर एवढं पाणी आहे, ह्यांनी बोटसुद्धा बुडवलेलं नाही. मला एकटीला पुढे जायचं नाहीये. ह्यांना घेऊन जायचंय."

दंतवैद्य आपल्या बुटांकडे बघत होते.

मालकीणबाई पुढे आल्या. "मग सोमवारी..."

"ठराव वाचा," वहिनी म्हणाल्या आणि खिशातला कागद पुढे केला.

मालकीणबाईंनी कागद नाइलाजाने हातात घेतला आणि मोठ्याने वाचला. "'सदर गृहस्थांना उद्यापासून ऑफिसच्या कामातून, व केवळ ऑफिसच्याच कामातून, मुक्त करण्यात यावे.'" त्या थांबल्या. "केवळ ऑफिसच्या?"

"मसुदा काटेकोर असावा लागतो," सेक्रेटरी हळूच म्हणाले. इतकं लागलेलं असतानाही त्यांना ते म्हटल्याशिवाय राहवलं नाही.

"ऑफिस मी बघते," वहिनी म्हणाल्या. "आणि होड्या आणायला तुम्हाला माणूस हवाच होता. परवा आपलं बोलणं झालंय."

मालकीणबाईंनी सेक्रेटरींकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. "बुडलात तर?"

"बुडणार नाहीत," मास्तरीणबाई म्हणाल्या आणि शिट्टी वाजवली.

सोमवारी सेक्रेटरी तोंड फुगवून धक्क्यावर गेले. त्यांनी कोणाकडे बघितलं नाही. वल्ही घेतली, होडीत बसले आणि पाऊण तास एकाच जागी गोल फिरले. काठावरून दंतवैद्य ओरडून सूचना देत होते, वाळवणप्रमुख आजोबा त्याच्या उलट सूचना देत होते, आणि सेक्रेटरींचा राग वाढत होता. शेवटी होडी सरळ झाली. पलीकडच्या काठाला लागताना ते घाईने उभे राहिले, होडी बाजूला गेली आणि सेक्रेटरी पाण्यात पडले. पाणी कमरेइतकंच होतं. थंडगार, स्वच्छ, पायाखाली मऊ वाळू. ते उठायला लागले आणि थांबले. तिथून त्यांना आता अख्खा कॅम्प एकदम दिसत होता. रंगीबेरंगी तंबू, धक्का, ऑफिसची खोली, आणि झाडाखाली ती पिवळी बस. ऑफिसमध्ये बसून इतक्या दिवसांत त्यांनी हे कधी बघितलंच नव्हतं. ते पुन्हा पाण्यात बसले, मानेपर्यंत, आणि एकटेच मोठमोठ्याने हसत सुटले. त्या दिवशी होड्या यायला संध्याकाळ झाली, पण त्यांना कोणी काही म्हणालं नाही.

पुढचे दिवस कसे गेले ते सेक्रेटरींना नीट सांगता येणार नाही, कारण त्यांनी काही लिहून ठेवलं नाही. ते सकाळी मास्तरीणबाईंकडे पोहायला शिकत, दुपारी होड्या आणत, आणि मधे कोणी त्यांना दोरीबद्दल विचारलं तर म्हणत, "शेडमध्ये भेंडोळं आहे, बांधा की." त्यांचं नाक उन्हाने सोललं. वहिनींनी ऑफिसमधल्या तेरा फायली चुलीसाठी दिल्या, फक्त बदकांची तेवढी आजोबांनी आठवण म्हणून मागून घेतली.

उन्हाळा संपत आला तेव्हा मालकीणबाईंनी ऑफिसमध्ये येऊन बहिणीला फोन लावला. चिठ्ठी लिहिणं त्यांच्याच्याने होणार नव्हतं. वहिनी टेबलाशी होत्या आणि सेक्रेटरी दारात, अंगावर टॉवेल, खाली पाण्याचं थारोळं. मालकीणबाई फोनमध्ये म्हणाल्या, "दोघं येतायत. बाई सोन्यासारखी आहे. माणूसही चांगला आहे, होडी छान वल्हवतो. फक्त त्याच्या हातात कागद देऊ नकोस." आणि फोन ठेवून बूट वाजवत निघून गेल्या.

वहिनींनी सेक्रेटरींकडे बघितलं. घरी भाडेकरूचे तीन महिने पुढच्या आठवड्यात भरत होते. ते दोघांनाही माहीत होतं, आणि ह्या विषयावर सेक्रेटरींनी उन्हाळाभर चकार शब्द काढलेला नव्हता. आता ते ओल्या पायांनी आत आले, वहिनींच्या हाताखालून फोन घेतला आणि भाडेकरूचा नंबर फिरवला.

"हो, मीच," ते म्हणाले. "तुम्हाला घर सोडायची घाई नाहीये ना? मग राहा. आम्ही पुढे चाललोय. समुद्राकडे." ते थोडा वेळ ऐकत राहिले. मग फोनवर हात ठेवून वहिनींकडे वळले. "तो विचारतोय, कधीपर्यंत? त्याला तारीख हवीय."

वहिनी त्यांच्याकडे बघत राहिल्या. त्यांचे डोळे भरून आले होते आणि त्यांना ते लपवावंसं वाटलं नाही. "तुम्हीच सांगा," त्या म्हणाल्या.

सेक्रेटरींनी फोनवरचा हात काढला. "माहीत नाही," ते म्हणाले. हे दोन शब्द त्यांनी जन्मात कोणाला ऐकवले नव्हते. ते त्यांना इतके आवडले, की पलीकडच्या माणसाने काही विचारायच्या आतच त्यांनी ते पुन्हा एकदा म्हणून घेतले.